पुसण्याआधी एक प्रत

जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कचा पहिला सेक्टर अवघा 512 बाइटचा. 1983 साली पीसी-डॉस 2.0 बरोबर आलेल्या या मांडणीत सुरुवातीला बूट कोड, 446व्या बाइटनंतर 64 बाइटांत चार पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची ठरलेली खूण असते. एवढ्याशा जागेत एकाच सिस्टमचा बूट कोड मावतो. त्यामुळे आधी लिनक्स असलेल्या मशीनवर विंडोज बसवले की विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरचा कोड न विचारता पुसतो. लिनक्सची एकही फाइल हललेली नसते, तरी तिथे पोहोचायची वाट बंद होते आणि सगळा डेटा गेला असे वापरणाऱ्याला वाटते. जे बाइट आपण लिहिलेले नाहीत ते दुसऱ्याचे आहेत, असे धरूनच इन्स्टॉलरने चालले पाहिजे. पुसणे अटळ असेल तर आधी प्रत काढावी आणि ती परत बसवायची सोयही द्यावी. हे अवघड नाही. लिनक्सचा जुना बूटलोडर लिलो मूळ सेक्टरची प्रत बूट फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवत असे आणि साध्या आज्ञेने ती परतही बसवत असे.

मात्र परत बसवताना काळजी हवी. मधल्या काळात पार्टिशन बदलले असतील आणि 512 बाइट जसेच्या तसे लिहिले, तर जुना तक्ताही परत येतो आणि नवे पार्टिशन दिसेनासे होतात. 440व्या बाइटपासूनच्या चार बाइटांत विंडोजने डिस्कला दिलेली ओळख असते. ती बदलली तर विंडोजच अडू शकते. म्हणून फक्त पहिले 440 बाइट परत लिहावेत.

जुना कोड जपला तर त्यातला व्हायरसही जपला जाईल, असा आक्षेप येतो. 1987च्या ‘स्टोन्ड’सारखे व्हायरस याच सेक्टरमध्ये राहत, त्यामुळे शंका रास्त आहे. पण फाइलमध्ये पडून असलेला कोड आपोआप चालत नाही. धोका परत बसवताना आहे आणि तेव्हा तपासणी करता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पुसण्याआधी दरवेळी विचारले तर प्रश्नांचा मारा होतो आणि माणूस न वाचता ‘होय’ दाबत सुटतो. म्हणूनच प्रश्न थोडे आणि नेमके हवेत. डेबियनचा इन्स्टॉलर पार्टिशनचे बदल आधी मेमरीत जुळवतो, मग कोणता पार्टिशन फॉरमॅट होणार याची यादी दाखवतो आणि होकार मिळाल्यावरच डिस्कवर लिहितो. त्या यादीत पार्टिशनचा आकार आणि त्यावर सापडलेली सिस्टमही ठळक दिसावी, कारण ‘एसडीए3’ एवढ्या पार्टिशनच्या नावावरून आपले फोटो कुठे आहेत हे कुणाला कळणार?

यूईएफआय ही नवी बूट पद्धत आल्यावर पुसण्याचा हा प्रश्न मिटला, असेही म्हणतात. तिथे प्रत्येक सिस्टमचा बूटलोडर ईएफआय पार्टिशनमध्ये स्वतंत्र फोल्डरात राहतो, त्यामुळे एकमेकांवर लिहिण्याची गरज खरोखर कमी झाली. पण नवा इन्स्टॉलर बूट क्रमात स्वतःला पहिला लावू शकतो आणि तो ईएफआय पार्टिशन फॉरमॅट झाला, तर सगळ्यांचेच बूटलोडर एकदम जातात. आधीपासून असलेला ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करण्याचा पर्याय म्हणूनच मुळात बंद ठेवावा आणि आपले फोल्डर व बूट क्रमातली आपली नोंद सोडून इन्स्टॉलरने काही बदलू नये.