विभवांतर व विद्युतधारेवरून रोध आणि शक्तीचे गणन : सूत्रे व त्यामागील अटी

सारांश :
विभवांतर आणि विद्युतधारा यांची वाचने हाती असली की भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती मिळते. मात्र मिळालेले उत्तर कोणत्या अवस्थेत खरे आहे, हे सूत्र स्वतः सांगत नाही. प्रस्तुत लेखात या अवस्थेचे महत्त्व काही परिचित उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : विभवांतर, विद्युतधारा, रोध, शक्ती, शक्तिगुणक.

प्रस्तावना :
जर्मन शिक्षक जॉर्ज सायमन ओहम यांनी विद्युतमंडलाचा गणिती सिद्धांत १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तत्पूर्वीच्या प्रयोगांत व्होल्टाच्या घटांचा दाब स्थिर राहीना, म्हणून त्यांनी तापविद्युत युग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. परिस्थिती स्थिर राखल्याशिवाय नियम हाती येत नाही, ही जाणीव त्यात होती. पाठ्यपुस्तकातून सूत्र शिकताना नेमकी हीच जाणीव मागे पडते.

१. व्याख्या आणि नियम :
रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा, ही रोधाची व्याख्या आहे; ती कोणत्याही वाहकास, कोणत्याही क्षणी लागू पडते. तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना हे गुणोत्तर बदलत नाही, हे ओहमच्या नियमाचे विधान आहे. दोहोंत गल्लत झाली की उत्तर चुकते.

२३० व्होल्ट, १०० वॅट असा छाप असलेला तंतूचा दिवा घ्यावा. धारा १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर आणि रोध सुमारे ५२९ ओहम येतो. विझलेल्या, थंड दिव्याचा रोध मल्टिमीटरने मोजल्यास तो ४० ओहमच्या आसपास भरतो. या आकड्यावरून शक्ती काढली तर २३० × २३० ÷ ४० = १३२२ वॅट असे अशक्य वाटणारे उत्तर मिळते. येथे गणित बरोबर आहे आणि मल्टिमीटरही बरोबर आहे. फरक तापमानाचा आहे. प्रज्वलित अवस्थेत टंगस्टनच्या तंतूचे तापमान सुमारे २५०० अंश सेल्सिअस असते व त्यामुळे रोध तेरा-चौदा पटींनी वाढतो. दिवा लावण्याच्या क्षणी मोठी धारा वाहते, ती याच कारणाने.

२. मोजमापातील दोष :
व्होल्टमीटर केवळ रोधकाशी समांतर जोडल्यास अँमीटर व्होल्टमीटरची धाराही मोजतो. रोधक १००० ओहमचा व व्होल्टमीटरचा रोध १०,००० ओहम असेल, तर गणनाने ९०९ ओहम मिळतात. म्हणजे नऊ टक्के तूट. व्होल्टमीटर रोधक व अँमीटर या दोहोंवर मिळून जोडला आणि अँमीटरचा रोध १ ओहम असला, तर उत्तर १००१ ओहम येते. सारांश, मोठ्या रोधासाठी दुसरी आणि लहान रोधासाठी पहिली जोडणी योग्य ठरते.

३. शक्तीची तीन सूत्रे :
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा, हे मूळ सूत्र. रोधाची व्याख्या त्यात घातली की धारेचा वर्ग × रोध आणि विभवांतराचा वर्ग ÷ रोध ही दोन रूपे मिळतात. पहिल्या रूपात शक्ती रोधाच्या सम प्रमाणात, तर दुसऱ्यात व्यस्त प्रमाणात दिसते. हा विरोध केवळ भासमान आहे. एकसर जोडणीत धारा समान असते, तेथे पहिले रूप उपयोगी. समांतर जोडणीत विभवांतर समान असते, तेथे दुसरे. म्हणूनच ६० व १०० वॅटचे दोन तंतूचे दिवे एकसर जोडले असता ६० वॅटचा अधिक उजळतो.

छापलेली शक्ती ही छापलेल्या दाबालाच खरी असते. २३० व्होल्ट, २००० वॅटच्या गीझरचा रोध २६.४५ ओहम होतो. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास शक्ती १२२५ वॅट उरते. दाबात सुमारे बावीस टक्के घट होते, तर शक्तीत जवळजवळ एकोणचाळीस टक्के. त्यामुळे पाणी तापण्यास अधिक वेळ लागतो.

याच गीझरच्या प्लगमध्ये ढिल्या जोडामुळे ०.५ ओहमचा रोध निर्माण झाला असे समजू. धारा सुमारे ८.५ अँपिअर राहते आणि जोडावर सव्वाचार व्होल्ट खर्ची पडतात. गीझरच्या कामात फरक जाणवत नाही. परंतु त्या इवल्याशा जागेत ३६ वॅट उष्णता सतत निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतल्यास धोक्याची कल्पना येईल. धारा वाढलेली नसून किंचित घटलेली असल्याने फ्यूज वितळत नाही. तापणारा अथवा काळवंडलेला प्लग दिसताच वापर थांबवून जोड दुरुस्त करून घेणे, हाच उपाय होय.

४. प्रत्यावर्ती धारेची मर्यादा :
मोटरसारख्या उपकरणांत विभवांतर आणि धारा यांच्या कलांत अंतर असते. २३० व्होल्टवर २ अँपिअर धारा घेणाऱ्या मोटरचा गुणाकार ४६० व्होल्ट-अँपिअर होतो, शक्तिगुणक ०.८ असल्यास प्रत्यक्ष शक्ती ३६८ वॅटच असते. तसेच येथे विभवांतरास धारेने भागून मिळणारी राशी रोध नसून संरोध असते.

समारोप :
रोध व शक्तीचे गणन ही एका ओळीची क्रिया असली, तरी तिच्या उत्तरासोबत तापमान, जोडणी, दाब व धारेचा प्रकार यांचा उल्लेख आवश्यक आहे. प्रात्यक्षिक वहीत निष्कर्षाखाली ‘कोणत्या अवस्थेत?’ हा एक रकाना वाढविल्यास विद्यार्थ्यांचे लक्ष आकड्यावरून राशीच्या अर्थाकडे वळेल. थंड आणि प्रज्वलित दिव्याच्या रोधांची तुलना हा त्यासाठी अल्प खर्चाचा, एका तासिकेत होणारा प्रयोग आहे.