कॅमेरा घेताय? मेगापिक्सेल नंतर बघा, आधी सेन्सर विचारा

जत्रा आणि लग्नसराईचा हंगाम आला की गावातल्या तरण्या पोरांच्या मोबाईलवर कॅमेऱ्याच्या जाहिराती यायला लागतात. ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम, फक्त चार हजार नऊशे नव्व्याण्णव!’ पोरगं हरखतं, ऑर्डर टाकतं. आठ दिवसांनी खोकं येतं आणि हळदीच्या रात्री काढलेला फोटो घरातल्या साध्या मोबाईलपेक्षा वाईट निघतो. पैसे गेले ते गेलेच, वर हळदही परत होत नाही.

यात गोम अशी आहे. अशा बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत सेन्सर बारीक आणि हलका असतो. तो खरे ठिपके थोडेच टिपतो. मधले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि ४८ चा आकडा गाठतं. झूमचंही तेच. भिंग पुढंमागं सरकतच नाही, नुसता फोटो ताणला जातो. म्हणून ‘ऑप्टिकल झूम’ लिहिलंय की ‘डिजिटल झूम’, हे आधी वाचावं. नुसतं डिजिटल असेल तर तो कॅमेरा तिथंच सोडून द्यावा.

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागे बसवलेली, उजेड गोळा करणारी चकती. पाऊस तेवढाच पडला तरी वाटीत कमी पाणी साठतं, घमेल्यात जास्त. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ‘१ इंची’ सेन्सर असतो, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. नावात एक इंच, मोजायला गेलं तर लांबी जेमतेम अर्धा इंच. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीवरून चालत आलंय. तरीही क्षेत्रफळ छोट्याच्या चौपट भरतं. मांडवातल्या मिणमिणत्या उजेडात खरा फरक इथंच पडतो.

दुसरी गोष्ट लेन्सवरचा ‘एफ’चा आकडा. तो जितका लहान तितकी लेन्सची खिडकी मोठी. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आला. वजन बॅटरीसकट २४० ग्रॅम, सेन्सर १ इंची, २० मेगापिक्सेल. त्याची लेन्स झूम न करता एफ १.८ पर्यंत उघडते, पूर्ण झूम केला की ४.९ वर येते. म्हणजे अंधारात झूम केला की उजेड आटला. त्यापेक्षा चार पावलं पुढं जाऊन फोटो घ्यावा. कॅननचा जी७ एक्स मार्क २ पूर्ण झूमलाही २.८ राखतो, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमाला तो सरस. आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीचा झूम लांबचा आहे, पण खिडकी लहान. शेताच्या बांधावरून पाखरं टिपायची तर ती बरी, हळदीला नाही. एकाच कॅमेऱ्यात सगळं मिळत नाही, दुकानदार काहीही सांगो.

मग मोबाईल काय वाईट?

काहीच नाही. दिवसा उजेडात चांगला मोबाईल पुरतो, आणि काही महागड्या फोनमध्ये आता १ इंची सेन्सरही आलाय. ई-पीक पाहणी तर मोबाईलवरच करावी लागते. तिथं फोटो शेतात उभं राहून अ‍ॅपमधूनच काढायचा असतो, कॅमेऱ्याचा तिथं काही उपयोग नाही. रीलसाठीही मोबाईलच सोपा. कॅमेरा घ्यावा तो रात्रीचे कार्यक्रम, खरा झूम आणि मोठी प्रिंट यासाठी. २० मेगापिक्सेलच्या फोटोची १२ बाय १८ इंचांची प्रिंट स्वच्छ निघते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक नीट फोटो असा काढून ठेवावा. नाहीतर पुढं भिंतीवर लावायला लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करायची वेळ येते, आणि तो चेहरा धूसर निघतो, हे कितीतरी घरांत दिसतं.

अशा नव्या कॅमेऱ्याला बऱ्यापैकी दुभत्या म्हशीएवढे पैसे लागतात. म्हणून बरेच जण जुना शोधतात. त्यात वावगं नाही, पण म्हैस जशी धार काढून बघून घेतो तसा कॅमेरा हातात घेऊन बघावा. दहा वेळा चालू-बंद करावा. लेन्स बाहेर येताना कर्रकर्र आवाज आला किंवा मध्येच अडकली तर नको. झूम पुढंमागं करून बघावा. एफचा आकडा ८ किंवा ११ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा आणि स्क्रीनवर मोठा करावा. काळपट डाग दिसले तर आत धूळ गेलीय. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघावं. ती बुरशी असते. बॅटरी फुगलेली नसावी. बिल मागावं, त्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर जुळवावा. फक्त फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नयेत.

घेतला, आता वापरायचा कसा

मोबाईलची सवय असलेल्यांची पहिली अडचण बटणाची. कॅमेऱ्याचं बटण एकदम दाबायचं नसतं. अर्धं दाबून थांबावं, हिरवी चौकट दिसली की फोकस बसला, मग पूर्ण दाबावं. निम्मे हललेले फोटो एवढ्यानेच सुधारतात.

वरच्या चकतीवरचा ‘ऑटो’ सोडून ‘पी’ वर आलात तरी बरंच काम होतं. धावणाऱ्या गोष्टीला मात्र ‘एस’ लागतं, कॅननमध्ये त्यालाच ‘टीव्ही’ म्हणतात. त्याने शटर किती वेळ उघडं राहणार ते आपण ठरवतो. शर्यतीतली बैलजोडी समजा सेकंदाला १० मीटर पळतेय. शटर १/६० वर असेल तर तेवढ्या वेळात ती जवळपास १७ सेंटिमीटर पुढं सरकते, मग फोटोत बैलाऐवजी पांढरा पट्टाच उमटतो. १/१००० वर ठेवलं तर एकच सेंटिमीटर. दिवसा हे सहज जमतं. रात्री उजेड पुरत नाही म्हणून आयएसओ १६०० पर्यंत वाढवावा. थोडे दाणे येतील, पण दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

फ्लॅश फार लोक चुकीच्या जागी मारतात. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढं फारसा पोचत नाही, लांबच्या पालखीवर मारून उपयोग शून्य. आणि जेजुरीला भंडारा उधळला जात असताना किंवा जोतिबाला गुलालाच्या धुरळ्यात फ्लॅश मारला तर कणच चमकतात, फोटोभर ठिपके उठतात.

भंडारा आणि गुलाल कॅमेऱ्याचे वैरीच. अशा कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर करते तेव्हा फटीतून धूळही आत ओढते. मळणीच्या खळ्यावरही तसंच. उधळण सुरू असेल तर कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून लेन्सपुरतं भोक पाडावं, कडेला रबर बांधावं, आणि कॅमेरा सतत चालू-बंद करू नये. लेन्सवर पडलेला भंडारा उपरण्याने पुसायचा नाही. आधी ब्लोअरने उडवावा, मग मऊ कापड. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पाकिटात कोंडून ठेवला तर बुरशी धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा, आणि महिन्यातून दोनदा बाहेर काढून चालवावा.

कार्ड घेताना स्वस्तातलं ‘१ टीबी’ टाळा, त्यात नकली फार. जुन्या कॅमेऱ्याला ३२ जीबीच्या वरचं कार्ड चालतं का तेही विचारा. पहिल्या आरएक्स१०० मध्ये वायफाय नाही, फोटो मोबाईलवर घ्यायला ओटीजी कार्ड रीडर लागतो. आणि नातेवाइकांना फोटो धाडताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो, आणि प्रिंट काढणाऱ्याच्या हातात तोच लहान फोटो पडतो.