डाव्या हाताचा वाद्यवृंद

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा वादक एकटाच इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन बसतो. उजव्या हाताने तो गाण्याची चाल वाजवतो. डाव्या हाताने अधूनमधून दोन-तीन पट्ट्या दाबतो, इतकेच. तरी ऐकू मात्र येतात ड्रम, गिटार आणि व्हायोलिनचा ताफा! हे सारे साथीदार त्या पेटीत कोठे दडलेले असतात?

पुष्कळांना वाटते, की आत साथीचे ध्वनिमुद्रण असावे. बहुतेक कीबोर्डांत तसे नसते. वाद्यांचे सुटे नाद तेवढे साठवलेले असतात. साथ म्हणजे निव्वळ सूचना: कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा. अशा सूचनांच्या संचाला ‘स्टाइल’ म्हणतात.

या सूचना आकड्यांत असतात. १९८३ साली आलेल्या ‘मिडी’ पद्धतीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिले आहेत. कळफलकाच्या मध्यावरचा ‘सी’ म्हणजे ६०. काळ्या पट्ट्याही मोजायच्या, म्हणजे पुढची प्रत्येक पट्टी एकाने वाढते. ‘सी मेजर’ हा स्वरसमूह, म्हणजेच कॉर्ड, ६०, ६४, ६७ असा होतो. प्रत्येकात ५ मिळवा. ६५, ६९, ७२ हा झाला ‘एफ मेजर’. ६४ ऐवजी ६३ घ्या, की ‘सी मायनर’ तयार. स्टाइल एका ठरावीक कॉर्डला धरून लिहिलेली असते. तुमचा डावा हात नवा कॉर्ड दाबतो आणि आतला छोटा संगणक त्याप्रमाणे बेरीज-वजाबाकी करतो.

हा नियम ड्रमला लावला तर? १९९१ च्या ‘जनरल मिडी’ संकेतानुसार ड्रमच्या विभागात ३६ म्हणजे मोठा ड्रम आणि ३८ म्हणजे स्नेअर ड्रम. ३६ मध्ये २ मिळवले, तर सूर चढणार नाही, वाद्यच बदलेल! म्हणून ड्रमचे क्रमांक जागच्या जागीच ठेवतात.

साथ ही आकड्यांची असल्यामुळे ती बदलताही येते. समजा, गाणे रूपक तालात आहे. त्याच्या मात्रा ७. तयार स्टाइल मात्र बहुधा ४ ठोक्यांच्या मापाची. दोन्ही एकदम सुरू केले, तर दुसऱ्या आवर्तनाची सम मापाच्या शेवटच्या ठोक्यावर पडते आणि गायक गोंधळतो. येथे गणिताचा ल. सा. वि. मदतीला येतो. ४ आणि ७ यांचा ल. सा. वि. २८. म्हणजे ४ ठोक्यांची ७ मापे घेतली, की त्यांत रूपकाची ४ आवर्तने नेमकी बसतात.

ज्या कीबोर्डात स्वतःची स्टाइल तयार करण्याची सोय असते, त्यात हे करून पाहता येईल. जवळची एखादी स्टाइल निवडा. तिच्या मुख्य भागातील सर्व वाद्यांच्या जुन्या सूचना पुसा आणि त्या भागाची लांबी ७ मापे करा. गती कमी ठेवा. तबल्याचे बोल कोणत्या पट्ट्यांवर आहेत ते शोधा आणि ‘ती ती ना, धी ना, धी ना’ हा ठेका चार वेळा भरा. नंतर बेस गिटार भरा. ते भरताना स्टाइलच्या मूळ कॉर्डचेच स्वर वापरा, म्हणजे पुढे कॉर्ड बदलताना बेसूर होणार नाही. शेवटी नवे नाव देऊन साठवा.

एक सावधगिरी मात्र हवी. ठेक्यात मध्येच भर घालणारा ‘फिल-इन’ भाग बहुधा एका मापाचा, म्हणजे ४ ठोक्यांचा असतो. ते बटण दाबले, की सम पुन्हा चुकते. रूपक वाजवताना त्याचा मोह टाळलेला बरा.

यंत्राला ताल समजत नाही, मोजणी समजते. ताल समजून त्याला मोजणी सांगायची, हे काम माणसाचेच.

आता तुम्हीच सांगा: झपतालाच्या मात्रा १०. तो ४ ठोक्यांच्या मापांत बसवायला किमान किती मापे लागतील आणि त्यांत किती आवर्तने होतील?