कोकण किनाऱ्यावरील पर्यटनीय बेटे

महाराष्ट्र व गोवा यांच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्रात आणि नद्यांच्या मुखांशी असलेली, प्रवाशांस जाण्याजोगी लहानमोठी बेटे. उत्तरेस अर्नाळ्यापासून (जि. पालघर) दक्षिणेस मांडवी नदीतील दिवार व चोडण या बेटांपर्यंत ती विखुरलेली आहेत. वेंगुर्ल्याजवळचा खडकसमूह सोडल्यास बहुतेक बेटे मुख्य भूमीच्या अगदी निकट असून काठावरून स्पष्ट दिसतात. त्यांपैकी पुष्कळांवर सतराव्या-अठराव्या शतकांत जलदुर्ग उभारले गेले. त्यामुळे कोकणात बेट पाहणे म्हणजे बहुधा किल्ला पाहणेच होय. ‘जंजिरा’ हे नावच बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दापासून आलेले आहे.

बेट म्हणताच पांढरी वाळू, उथळ निळे पाणी व माडांची रांग असे चित्र मनात येते. ते लक्षद्वीपातील प्रवाळद्वीपांना लागू पडते, कोकणातील बेटांना नाही. ही बेटे खडकाची असून समुद्राने मुख्य भूमीपासून तोडलेले तिचेच अवशेष आहेत. पुळणी त्यांच्यावर जवळजवळ नाहीतच. ज्या आहेत त्या समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, मुरूड, हर्णै, मालवण येथे आहेत. प्रवाशांच्या मुक्कामाची सोयही बहुतेक बेटांवर नाही. यावरून सहलीची आखणी ठरते : मुक्काम काठावर आणि बेटासाठी दिवसातील दोन-तीन तास. ‘कोणते बेट पाहावे’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बेटाच्या कीर्तीपेक्षा समुद्र त्या दिवशी व त्या घटकेस कसा आहे, यावर अधिक अवलंबून असते.

ही गोष्ट समुद्रकाठच्या माणसास सांगावी लागत नाही. आतल्या प्रदेशातून येणाऱ्यास मात्र ती ठाऊक असतेच असे नाही. भंडारा जिल्ह्यातील सानगडी (ता. साकोली) येथून मुंबई ९०० किमी.हून अधिक दूर आहे. हा मुलूख तलावांचा आहे. तेथील तलाव, तसेच शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातील) नवेगाव बांधचा जलाशय पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत हळूहळू उतरतो. पाण्याची पातळी ऋतूंप्रमाणे बदलते व आज दिसलेला काठ उद्याही तेथेच असतो. समुद्राची पातळी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. सकाळी ज्या वाळूवरून माणसे चालत गेली, तेथे दुपारी पुरुषभर पाणी असू शकते. इतक्या दुरून आलेल्या कुटुंबाजवळ चार-पाच दिवसच असतात. ओहोटीची वेळ चुकली, तर त्यांतील एक दिवस वाया जातो. क्वचित जीवही धोक्यात येतो.

लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सु. १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात ती तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यास बराच जुळतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावा आणि जाण्यापूर्वी छापील कोष्टक पाहावे किंवा स्थानिक कोळ्यांस विचारावे.

वेळेइतकेच पाण्याच्या चढउताराचे प्रमाण महत्त्वाचे असते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते. तेव्हा भरती फार चढते व ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी बेताचे चढते व बेताचेच उतरते. उधाणाच्या दिवसांत मुंबईस भरती-ओहोटीतील फरक ४ मी.हून अधिक, तर मालवण-गोव्याकडे सु. २ मी. असतो. उत्तर कोकणात पायी जाण्याच्या बेटांचा बेत आखताना येथेच नवख्याची फसगत होते. अष्टमीची ओहोटी ऐन दुपारी येते, म्हणून ती सोयीची वाटते. परंतु ती भांगाची असल्याने वाट पुरेशी उघडी पडेलच असे नाही. अमावास्येस वा पौर्णिमेस वाट चांगली उघडते, पण पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी. या दोहोंतील मेळ शुक्ल वा कृष्ण पक्षातील तृतीया ते पंचमी या तिथींना बसतो. त्या वेळी उधाणाचा जोर शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते.

या हिशेबाची खरी गरज अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास लागते. हा किल्ला पुळणीसमोरच्या खडकावर असून ओहोटीस तेथे चालत, तर भरतीस होडीने जाता येते. त्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, १६८० मध्ये, सुरू झाले व संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे बनला. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर व गोड्या पाण्याची विहीर आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडे पाणी मिळणे, हीच या सर्व जलदुर्गांची पहिली अट होती. किल्ला तासाभरात पाहून होतो. मात्र चालत जाणाऱ्याने पूर्ण ओहोटीच्या सु. एक तास आधी निघावे आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नये. परतताना भरतीचे पाणी प्रथम किल्ल्याशी नव्हे, तर मधल्या सखल वाळूवर चढते. किल्ल्याच्या दरवाजात उभ्या असलेल्यास ते उशिरा कळते.

ऋतूचा विचार तिथीच्याही आधी करावा लागतो. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळतो; मालवणसारख्या ठिकाणी मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद ठेवतात. कोळ्यांच्या व्यवहारात नारळी पौर्णिमेस समुद्र खुला होत असला, तरी प्रवाशांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्च ते मे या काळात आकाश निरभ्र असते, पण दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोराने वाहू लागतो व लहान होड्या हेलकावतात. म्हणून या दिवसांत बेटावर सकाळी जाऊन दुपारपूर्वी परतावे, हे उत्तम. रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. १८ डिसेंबर २०२४ रोजी, स्वच्छ हवेत, घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी लाँचवर चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जण दगावले. पहिल्या दुर्घटनेत ऋतू व समुद्र कारण होते, दुसरीत नव्हते. होडीत बसताच जीवरक्षक जाकीट अंगावर चढवावे, पायाशी ठेवू नये. लहान मुलांच्या मापाचे जाकीट आहे की नाही हे धक्क्यावरच विचारावे.

ज्यांना एकच बेट पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी घारापुरी ही सर्वांत सोयीची निवड होय. गेटवे ऑफ इंडियापासून सु. १० किमी. अंतरावरील हे बेट बंदराच्या आत असल्याने तेथे लाँच सु. तासाभरात पोहोचते आणि भरती-ओहोटीचा अडसर जाणवत नाही. येथील शैव लेणी सहाव्या शतकातील मानली जातात. त्यांचा समावेश १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. बेटावरील दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्यास एलेफंटा हे नाव दिले; तो हत्ती आता मुंबईत राणीच्या बागेत आहे. लेणी सोमवारी बंद असतात, ही बाब विसरून रविवार-सोमवारची सुटी आखणारे निराश होतात. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या तारेद्वारे कायमची वीज २०१८ मध्ये मिळाली. मुंबईचे दिवे रात्री समोर दिसत असता या गावांना त्यासाठी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे थांबावे लागले.

उत्तरेकडील अर्नाळ्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. येथील बेटावर किल्ल्याबरोबर नांदते गाव आहे, त्यामुळे लहान होडी रोज ये-जा करते. १७३७ मध्ये हे बेट मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले. अलिबागजवळच्या थळसमोरील खांदेरी व उंदेरी ही जोडी मात्र हौसेने ठरवून पाहण्याची आहे. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू करताच मुंबईचे इंग्रज बिथरले. लगेच पुढच्या वर्षाच्या आरंभी सिद्दीने उंदेरी बळकावली. खांदेरीवर १८६७ चे दीपगृह व कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे देऊळ आहे. तेथे जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करून घ्यावी. उंदेरीस नीटसा धक्का नाही. वृद्धांनी व मुलांनी ती होडीतूनच पाहिलेली बरी.

मुरूड-जंजिरा हा या किनाऱ्यावरील सर्वांत गाजलेला जलदुर्ग. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, हे त्याच्या रचनेचे कौशल्य होडीतूनच उमगते. मराठ्यांना तो अखेरपर्यंत घेता आला नाही आणि १९४८ पर्यंत तो सिद्दींच्या संस्थानात होता. आतील दोन मोठी गोड्या पाण्याची तळी व कलालबांगडी ही तोफ प्रेक्षणीय आहे. होडीवाले ठराविक वेळच थांबतात, त्यामुळे आधी तट चढावा आणि तळी मागून पाहावीत. दरवाजाशी लाटांमुळे होडी वरखाली होत असल्याने पायरीवर पाऊल टाकताना घाई करू नये. जवळच्या पद्मदुर्गास (कासा) फार थोडे प्रवासी जातात. तेथील तटात लाटांनी दगड झिजले, पण त्यांमधील चुना अजून पुढे आलेला दिसतो. सतराव्या शतकातील बांधकामाचा इतका बोलका पुरावा जंजिऱ्यातही नाही. हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या संमतीने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तेथे मच्छीमारी होडी ठरवून जावे लागते व बहुधा गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. आत झाडी माजलेली असते.

आखणीस चार दिवस असून समुद्रस्नान, किल्ला व समुद्रतळ हे सर्व एकाच ठिकाणी हवे असेल, तर मालवण निवडावे. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावरून तेथे जाता येते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू होऊन १६६७ मध्ये ती पूर्ण झाली. धक्क्यापासून होडीचा प्रवास थोड्या मिनिटांचा आहे. नागमोडी तट, त्यात चटकन न दिसणारे प्रवेशद्वार, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या विहिरी ही येथील प्रमुख स्थळे. काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात. सभोवतालच्या समुद्रात १९८७ मध्ये सु. २९ चौ. किमी.चे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथील प्रवाळ व मासे पाणबुड्याचा पोषाख घालून किंवा श्वासनळी लावून पाहता येतात. पाणी हिवाळ्यात नितळ असते. प्रवाळावर उभे राहिल्यास तो मोडतो आणि त्याची वाढ अत्यंत सावकाश होते. त्यामुळे नांगर कोठे टाकतात, याकडे लक्ष देणाऱ्याचीच होडी घ्यावी. खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे तीन बेटांवरील किल्ले जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत आले. जंजिरा, कुलाबा व पद्मदुर्ग त्या यादीत नाहीत. या भेदावरून पाहण्याच्या योग्यतेचे अनुमान काढू नये.

काही बेटे टाळावीत. वेंगुर्ल्याच्या वायव्येस सु. १४ किमी.वर असलेल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकसमूहात एक दीपगृह असून तेथील गुहांत पाकोळीची एक जात लाळेची घरटी करते व खडकांवर सुरय पक्षी वीण घालतात. घरट्यांना बाजारभाव असल्याने त्यांची चोरी होत आली आहे. विणीच्या काळात प्रवाशांच्या नुसत्या वावरानेही पिले दगावतात. गोव्याच्या हद्दीतील पण कारवारजवळचे अंजदीव बेट, जेथे १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे थांबली होती, नौदलाच्या तळात समाविष्ट झाल्यामुळे प्रवाशांस खुले नाही.

सुटी पावसाळ्यातच मिळत असेल, तर समुद्रातील बेटे सोडून मांडवी नदीतील दिवार व चोडण ही बेटे पाहावीत. जुन्या गोव्याहून दिवारला व रायबंदरहून चोडणला फेरीबोटी बाराही महिने चालतात. चोडणच्या पश्चिम टोकाशी कांदळवनात डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ पावणेदोन चौ. किमी.च्या आसपास. पक्षी हिवाळ्यात अधिक दिसतात, तर दिवारचा बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव ऑगस्टमध्येच, चौथ्या शनिवारी, होतो. भातखाचरे तेव्हा हिरवीगार असतात आणि फेरीबोटीचा पल्ला अवघ्या काही मिनिटांचा असतो.