‘हे झाड विषारी आहे का?’ हा प्रश्न संशोधनाला पुरत नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नेरुळला आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या दीड वर्षाच्या मुलाने लॉबीतल्या कुंडीतलं डिफेनबेकियाचं पान चावलं. ओठ सुजले, लाळ गळायला लागली, रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरांनी तोंड पुसून घेतलं, गार पाणी द्यायला लावलं, काही तास लक्ष ठेवलं. संध्याकाळी पोरगं पुन्हा लॉबीत धावत होतं. पण तोवर व्हॉट्सॲपवर ‘घराभोवतीची जीवघेणी झाडं’ अशी यादी फिरली होती आणि रविवारच्या मीटिंगचा विषयही ठरला होता: सोसायटीतली सगळी विषारी झाडं काढून टाकायची.

सेक्रेटरी काका मला म्हणाले, “तू वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेस ना? मग यादी करून दे. कुठली ठेवायची, कुठली काढायची.”

मी दोन संध्याकाळी बसून यादी केली. ज्या झाडाच्या कुठल्याही भागात घातक रसायन असल्याची नोंद सापडली, ते झाड यादीत. मीटिंगमध्ये ती वाचून दाखवली. एक आजी शांतपणे म्हणाल्या, “अगं, हिरव्या पडलेल्या बटाट्यातही विष असतं म्हणतात. मग बटाटे आणायचे बंद करायचे का?”

सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र कळलं की आजींनी माझ्या पद्धतीतली चूक एका वाक्यात पकडली होती. तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, प्रस्ताव लिहायला घेतला असेल, तर ही चूक तुमच्याही हातून होऊ शकते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

घातकता वेगळी, जोखीम वेगळी

माझी यादी एकाच प्रश्नाचं उत्तर देत होती: झाडात काय आहे? याला घातकता म्हणू. सोसायटीला हवं होतं ते दुसरंच: आपल्या आवारात, आपल्या मुलांना आणि कुत्र्यामांजरांना यातून खरोखर अपाय होण्याची शक्यता किती आणि झाला तर किती मोठा? ही झाली जोखीम. घातकता झाडात असते. जोखीम झाड आणि खाणारा यांची गाठ पडते तिथे तयार होते. ‘हे झाड विषारी आहे का?’ या प्रश्नात खाणारा कुठेच नाही. म्हणून तो अर्धा प्रश्न आहे. पूर्ण करायचा तर त्यात निदान पाच गोष्टी भराव्या लागतात.

१. नेमकं कुठलं झाड?

‘लिली’ हा शब्द घ्या. लिलियम या प्रजातीची खरी लिली मांजरांसाठी अत्यंत घातक आहे. पान, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पण आपल्याकडे बागेत लावतात ती स्पायडर लिली वेगळ्याच कुळातली. तिने उलट्या होतात. आणि दिवाणखान्यातली पीस लिली तर अळूच्या कुळातली, डिफेनबेकियाची नातेवाईक. दोघींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडात रुततात, म्हणून आग आणि सूज. त्रास बहुतेक वेळा तोंडापुरताच राहतो. नाव एक, पण झाडं तीन आणि परिणामही तीन.

कण्हेरीचंही तसंच. रस्त्यांच्या दुभाजकांवर गुलाबी-पांढरी फुलं दिसतात ती कण्हेर, म्हणजे नेरियम. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, ही त्याच कुळातली पण वेगळी प्रजाती. हृदयाची लय बिघडवणारी रसायनं दोन्हींत आहेत, पण बिट्टीला जाड गराचं फळ आणि आत टणक बी असते. मुलांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, तो पुढे येईलच. प्रस्तावात फक्त स्थानिक नाव लिहून पुढे जाऊ नका. शास्त्रीय नाव लिहा, नमुना ओळखून घ्या.

२. कुठला भाग, कुठल्या अवस्थेत?

गुंज सगळ्यांना माहीत असते. लाल, काळ्या ठिपक्याची, सोनार पूर्वी तिने सोनं तोलायचे. तिच्यातलं अ‍ॅब्रिन अतिशय जहाल. तरीही कठीण कवचाची अख्खी गुंज गिळली गेली, तर ती अनेकदा तशीच बाहेर पडते. चावली, फोडली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली, तर गोष्ट एकदम गंभीर होते. म्हणजे ‘खाल्ली’ या क्रियापदाने भागत नाही. तुमच्या प्रश्नावलीत ‘खाल्ली का?’ एवढाच रकाना असेल, तर सगळ्यात महत्त्वाची माहिती तिथेच सांडली.

३. कोणी?

मघाशी मांजराचं सांगितलं. तीच लिली कुत्र्याने खाल्ली तर सहसा पोट बिघडतं, मूत्रपिंडं वाचतात. उलट सायकस, जो नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकापाशी ऐटीत उभा असतो, त्याच्या बिया कुत्र्यांचं यकृत निकामी करू शकतात. म्हणजे ‘प्राणी’ हा गटसुद्धा एक नाही.

माणसांतही नाही. बिट्टीच्या विषबाधेवरचं बरंच मोठं वैद्यकीय संशोधन श्रीलंकेतून आलंय. त्यातले रुग्ण बहुतांशी मोठी माणसं, आणि त्यांच्या पोटात ते विष चुकून गेलेलं नव्हतं. तिथला मृत्युदर उचलून ‘बागेतल्या लहान मुलांना एवढा धोका’ असं लिहिलं, तर आकडा खरा आणि निष्कर्ष खोटा. दुसऱ्याचा आकडा घेताना तो कोणाचा आहे हे आधी बघा.

४. भागिले किती?

पॉइन्सेटियाची कथा मला फार आवडते. डिसेंबरमध्ये नर्सऱ्या ज्याने लाल होतात, ते हे झाड. १९१९ मध्ये हवाई बेटावर एका लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल याचं पान खाऊन दगावलं, अशी गोष्ट पसरली. पुढे ती ऐकीव निघाली, पण झाडावरचा ‘जीवघेणं’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या विष माहिती केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातली बहुतेक लहान मुलं होती. ९२.४ टक्के जणांना काहीही झालं नाही, आणि मृत्यू एकही नव्हता.

इथे काय बदललं? छेद. आधी फक्त एक भयंकर गोष्ट होती. नंतर ‘इतक्यांनी खाल्लं, त्यांतल्या इतक्यांना त्रास झाला’ असा अपूर्णांक मिळाला. पण सावध राहा, छेद नेहमी स्वच्छ नसतो. हॉस्पिटलच्या केसपेपरांत फक्त आजारी पडलेले येतात. फोनवरच्या नोंदींत घाबरलेले सगळे येतात. पहिल्यात जोखीम फुगते, दुसऱ्यात आटते. आपली आकडेवारी कुठल्या दारातून आली हे लिहिणं, हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

५. प्रत्यक्षात गाठ कुठे पडते?

हे पुस्तकात सापडत नाही. मी तीन संध्याकाळी वही घेऊन खेळाच्या जागेजवळ बसले. कोणी पानं खात नव्हतं. पण भातुकलीत बिट्टीची फळं ‘मोदक’ झाली होती! आपल्यातल्याही बऱ्याच जणांनी लहानपणी बिट्ट्या गोळा करून खेळ मांडलेत. आणि चेंडू आणायला मुलं मागच्या कंपाउंडपाशी जायची, तिथे चंद्रज्योत आपोआप उगवली होती. कोणी लावलेली नव्हती, म्हणून माझ्या ‘बागेतल्या झाडांच्या’ यादीत ती नव्हतीच. महाराष्ट्रात शाळकरी मुलांनी चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या, उलट्या-जुलाबांमुळे मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या वर्षानुवर्षं येतात. बी शेंगदाण्यासारखी लागते, हेच तिचं खरं संकट. माझ्या यादीत पॉइन्सेटिया होता आणि चंद्रज्योत नव्हती. याहून मोठं अपयश काय सांगू?

पुरावा अपुरा असेल तर?

मे २०२४ मध्ये केरळात एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेरीचा संशय आला. त्यानंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं बंद केलं. एका घटनेवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही हे खरं. पण निर्णय घेता येतो, कारण प्रसादात दुसरं फूल वापरायला फारसं काही मोजावं लागत नाही, आणि संशय खरा निघाला तर जीव वाचतो. ‘काय सिद्ध झालंय’ आणि ‘काय करावं’ हे दोन वेगळे परिच्छेद आहेत. प्रबंधात ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पुढच्या मीटिंगला मी यादीऐवजी एक पानाचा तक्ता नेला: झाड, भाग, कोणाला, काय होतं, आपल्याकडे गाठ कुठे पडते. ठरलं ते असं: चंद्रज्योत मुळासकट काढायची. खेळाच्या जागेजवळची बिट्टी हलवायची. सायकसभोवती जाळी आणि त्याला बी धरली की लगेच काढून टाकायची. डिफेनबेकिया लॉबीतून उंच कट्ट्यावर. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी लिलीचे गुच्छ घरात आणायचे नाहीत. दुभाजकावरची कण्हेर आणि पॉइन्सेटिया जिथल्या तिथे. आजींनी तक्ता नीट वाचला आणि म्हणाल्या, “आता कसं, बटाटे आणायला हरकत नाही.”

एक गोष्ट संशोधनाबाहेरची, पण सगळ्यात आधी लक्षात ठेवायची. मी डॉक्टर नाही, आणि वरचा तक्ता उपचारासाठी नाही. मुलाने काही खाल्ल्याची शंका आली तर तोंडातलं काढून टाका, उलटी करवू नका, झाडाची फांदी किंवा फोटो सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. लक्षणांची वाट बघत बसू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. कुत्र्यामांजराला थेट पशुवैद्याकडे न्या.

आणि आता तुमचा गृहपाठ. तुमच्या प्रस्तावातलं मुख्य वाक्य काढा. त्यात ‘घातक’, ‘उपयुक्त’, ‘परिणामकारक’ असा एखादा शब्द एकटाच उभा असेल, तर त्याच्यापुढे लिहा: कोणासाठी, कुठला भाग, किती, कुठे, आणि किती जणांपैकी? पाचही उत्तरं देता आली, तर तुमच्याकडे संशोधनाचा प्रश्न आहे. नाही देता आली, तर सध्या तुमच्याकडे फक्त यादी आहे, माझ्याकडे होती तशी.