लांब पल्ल्याची सायकल, शिदोरी आणि पाणी

आजचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने सायकलवरच्या खाण्यापिण्याबद्दल काय बोलावं? पण या विषयात एक जुना प्रश्न दडलेला आहे. आपल्या शरीराला काय हवं आहे हे आपल्याला कसं कळतं? शरीर स्वतः सांगतं का? सांगत असेल तर वेळेवर सांगतं का? आणि त्याच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा? शनिवार-रविवारी सायकल काढून शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरं रस्त्यावरच द्यावी लागतात, आणि ती चुकली तर भर उन्हात, ट्रकच्या गर्दीत त्याची किंमत मोजावी लागते.

आपण एकच उदाहरण धरून चालू. पुण्याहून लोणावळ्याला जायचं आणि परत यायचं. जाताना सुमारे 65 किलोमीटर, येताना तेवढेच. बेताच्या वेगाने गेलं तर सहा ते सात तास पाय चालतात. पहाटे साडेपाचला निघालेला माणूस जाताना गारव्यात असतो. परतताना डोक्यावर ऊन असतं. म्हणजे शरीर सर्वांत थकलेलं असतं तेव्हाच परिस्थिती सर्वांत कठीण होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी अन्नाकडे पाहू. 65-70 किलो वजनाचा माणूस मध्यम गतीने सायकल चालवताना तासाला साधारण 400 ते 500 कॅलरी खर्च करतो. सहा तासांचे अडीच ते तीन हजार झाले. ही ऊर्जा दोन कोठारांतून येते. एक चरबीचं, जे सडपातळ माणसाकडेही अनेक दिवस पुरेल एवढं असतं. दुसरं ग्लायकोजेनचं, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेचं. स्नायूंत साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम एवढाच हा साठा. हिशेब केला तर दोन हजार कॅलरींच्या आसपास. चरबी जळते, पण सावकाश. चढ आला, वेग वाढला की शरीर साखरेकडे हात पुढे करतं. मोठं कोठार हळू उघडतं आणि लहान कोठार पटकन रिकामं होतं, अशी ही गंमत आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूचं असतं. मांडीतली साखर रक्तात सोडता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम स्नायूंत नसतंच. ते यकृतात असतं. म्हणून रक्तातली साखर सांभाळण्याचं काम यकृताच्या त्या लहानशा साठ्यावर पडतं, आणि मेंदू मुख्यतः याच साखरेवर चालतो. रात्री आपण झोपतो तेव्हाही मेंदू खातच असतो, त्यामुळे पहाटे यकृताचं कोठार बरंचसं उतरलेलं असतं. स्नायू मात्र रात्रीच्या वरणभाताने भरलेले असतात. पहाटे उपाशी निघणाऱ्याला पहिले दीड-दोन तास उत्तम वाटतं ते याचमुळे. पाय भरलेले आहेत. रिकामं होत चाललंय ते डोक्याचं रेशन.

1924 साली बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं गेलं. ज्यांची साखर फार खाली गेली होती ते गळून गेलेले होते, काहींना धड सुचत नव्हतं. पुढच्या वर्षी शर्यतीदरम्यान साखरेच्या गोळ्या देऊन पाहिलं, तेव्हा ही अवस्था टळली. आज सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. हातपाय कापतात, घाम गार पडतो, चिडचिड होते, आणि माणूस चुकीचे निर्णय घेऊ लागतो. मागून येणारी गाडी किती लांब आहे याचा अंदाज चुकणं, उतारावर ब्रेक उशिरा लावणं, ‘अजून दहाच किलोमीटर, नंतर खाऊ’ असं म्हणत राहणं, हे सगळं त्यातच आलं.

तात्त्विक पेच नेमका इथे आहे. ‘आता खायला हवं’ हा निर्णय कोण घेणार? मेंदूच ना? आणि साखर उतरली की तोच मेंदू आधी मंदावतो. न्यायाधीशच गुंगीत असेल तर निवाडा कसला होणार? म्हणून रस्त्यावरचा खाण्याचा निर्णय रस्त्यावर सोडायचा नसतो. तो आदल्या रात्री, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी फक्त पाळायचा. न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथे धूर दिसेपर्यंत थांबलो तर घर जळालेलं असतं.

मग किती खायचं? दीड-दोन तासांच्या फेरीला निघण्यापूर्वीची न्याहारी पुरते. त्याहून लांब जायचं असेल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून, दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. वरची मर्यादा ठरते आतड्यामुळे. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणारी दारं ठरावीक आहेत आणि त्यांतून तासाला साधारण 60 ग्रॅमच आत जातं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून घेतलं तर सरावलेल्या माणसाला तासाला 90 ग्रॅमपर्यंतही पचतं. आता आपली साधी साखर म्हणजे काय? निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. गूळ आणि उसाचा रस यांतली गोडीही मुख्यतः याच साखरेची. महागड्या पाकिटातल्या जेलमध्ये जे जुळवून आणलेलं असतं, त्याच्या फार जवळची वस्तू चरकावर मिळते. फक्त रस स्वच्छ जागी घ्यावा आणि बर्फाला नाही म्हणावं.

आकडे घरच्या भाषेत सांगतो. मध्यम केळ्यात 20 ते 25 ग्रॅम. चार लहान खजुरांत जवळपास तेवढेच. एका पोळीत 20-25, तिला गूळ लावून गुंडाळली की 30 च्या आसपास. आपल्या आज्या प्रवासाला गुळाच्या दशम्या बांधून द्यायच्या. टिकाऊ, कोरड्या, हातात धरून खाता येणाऱ्या. शिदोरी या शब्दामागचं शहाणपण आजही उपयोगी आहे. जर्सीच्या मागच्या खिशात दशमी छान बसते.

चिक्कीबद्दल विचारलं जाणारच, कारण उदाहरण लोणावळ्याचं आहे. चिक्कीत गूळ आहे तसं शेंगदाण्याचं तेलही आहे. ते पोटातून हळू सरकतं. थोडी खायला हरकत नाही, पण चढाच्या तोंडावर तिच्या भरवशावर राहू नये. वडापाव आणि मिसळ यांच्याशी आमचं वैर नाही. त्या मात्र फेरी संपल्यावर खाव्यात, कारण तळण आणि तिखट पोटात घेऊन अजून तीन तास वाकून बसायचं असतं. आणखी एक नियम पाळावा. नवा पदार्थ मोठ्या फेरीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नये. आतड्यालाही सराव लागतो, आणि तो छोट्या फेऱ्यांत करायचा.

आता पाण्याकडे येऊ. ‘भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या’ हा सल्ला सायकलवाल्यांत शंभरहून अधिक वर्षं फिरतो आहे. त्याचा पहिला अर्धा भाग का खरा आहे हे आपण पाहिलं. दुसरा अर्धा मात्र तपासून घ्यायला हवा, कारण भूक आणि तहान या दोन साक्षीदारांची योग्यता सारखी नाही. व्यायामात भूक अनेकदा दबून जाते. ती उशिरा येते किंवा येतच नाही. तहानेचं तसं नाही. रक्तातलं क्षारांचं प्रमाण जरासं वाढलं तरी मेंदूला कळतं आणि घसा कोरडा पडतो. निरोगी तरुण माणसाची तहान बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार आहे.

तिचं न ऐकता ओतत राहिलं तर काय होतं? 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांच्यात हा धोका ठळक होता. सोडियम पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, अंगठी बोटात घट्ट होते. यातून मृत्यूही झालेले आहेत. आणि पेच असा की ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात. सोबतचे लोक प्रेमाने आणखी पाणी पाजतात. पोटात पाणी डुचमळतंय, वारंवार लघवी होतेय आणि तरी माणूस बडबडतोय, असं असेल तर पाणी थांबवा आणि दवाखाना गाठा.

तरीही तहान ही एकटीच साक्ष पुरेशी नाही, याला दोन कारणं. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांनी घशावर विसंबून चालत नाही. दुसरं, रस्त्यात पाणी हवं तेव्हा मिळेलच असं नाही; किती न्यायचं हे आधीच ठरवावं लागतं. म्हणून तहानेला मोजमापाची जोड द्यायची.

मोजमाप सोपं आहे. तीन तासांच्या फेरीआधी लघवीला जाऊन कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा 68 किलोचे 66.8 झाले आणि वाटेत दीड लिटर प्यायलात. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. 1.2 अधिक 1.5, असा एकूण घाम 2.7 लिटर, तासाला 0.9 लिटर. वजनात दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते, 68 किलोला ती 1.36 किलो होते. सहा तासांत घाम 5.4 लिटर जाणार, त्यातली सव्वा लिटर तूट सोडून दिली, तर सव्वाचार लिटरच्या आसपास प्यायला हवं. म्हणजे तासाला सुमारे 700 मिलिलिटर, जवळजवळ एक मोठी बाटली. थंडीत हा आकडा खूप कमी येईल, मे महिन्यात वाढेल. म्हणून प्रत्येक ऋतूत एकदा तरी मोजावं.

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. एका लिटरमागे काहींचं अर्धा ग्रॅम सोडियम जातं, काहींचं दीड ग्रॅमपर्यंत. ज्यांच्या काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात त्यांनी आपण दुसऱ्या गटात आहोत असं धरावं. मिठाचं आणखी एक काम आहे. 1960 साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचं मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. आपल्या सायकलच्या बाटलीतल्या लिंबूसरबताचं नातं त्या छावणीशी आहे.

तर घरचं सरबत असं करावं. एक लिटर पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. घाम खारट असेल तर मीठ थोडं वाढवा. साखर मात्र वाढवू नका; फार गोड पाणी पोटात रेंगाळतं. दोन बाटल्यांपैकी एकीत सरबत, दुसरीत साधं पाणी. तासाला 350 मिलिलिटर सरबत म्हणजे 20 ग्रॅम साखर, वर एक केळं आणि एक-दोन खजूर, की पन्नास-पंचावन्न ग्रॅम झाले. तेवढंच आपल्याला हवं होतं. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून चिमूटभर मीठ सोबत असू द्यावं. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, लघवी वाढवणारी औषधं चालू आहेत, त्यांनी हे आकडे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. त्यांच्यासाठी साखर, मीठ आणि पाणी या तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

शेवटी ॲरिस्टॉटलकडे येतो. ‘निकोमॅखियन एथिक्स’च्या दुसऱ्या पुस्तकात मध्यम मार्ग समजावताना त्याने उदाहरण घेतलं आहे ते खेळाडूच्या आहाराचंच. एखाद्याला दहा मापं अन्न फार होतं आणि दोन कमी पडतं, म्हणून प्रशिक्षक सरसकट सहा मापं ठरवत नाही. तेवढं मायलो या पहिलवानाला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा गणितातला मध्य नसतो, तो त्या त्या माणसाचा मध्य असतो. आज दिलेले सगळे आकडे याच नजरेने घ्या. तासाला 30 ते 60 ग्रॅम, 700 मिलिलिटर, पाव चमचा, ही सुरुवात आहे. तुमचा मध्य तुम्हाला तुमच्या वजनकाट्यावर, तुमच्या टी-शर्टवर आणि तुमच्या पोटात शोधायचा आहे.

येत्या शनिवारी रात्री एवढंच करा. जेवणात भात थोडा जास्त घ्या, दशम्या बांधा, सरबत करून ठेवा, आणि तासातासाला काय खायचं ते चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवा. चौथ्या तासाला, ऊन वर आलेलं असताना, तुमच्याऐवजी ती चिठ्ठी विचार करील. आता तुमचे प्रश्न घेऊ.