खोक्यातली ब्राउनी

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी ब्राउनीचं खोकं हल्ली वाशीम, कारंजा, रिसोडच्या घरांतही येऊ लागलं आहे. पण ते फोडताना सासूबाईंनी पाहू नये, असं का बरं वाटतं? तयार पीठ वापरलं की सुगरणपण बुडालं, असा एक समज! पुण्याची गिट्स कंपनी १९६३ सालची. तिच्या पाकिटातल्या गुलाबजामांवर किती घरांनी दिवाळी साजरी केली असेल. आणि आपली थालीपिठाची भाजणी तरी काय? मोजून, भाजून, दळून ठेवलेलं तयार पीठच की ते.

तेव्हा लाजू नका. मात्र खोकं उलटून वाचा. त्यातले जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पुष्कळ खोक्यांवर पहिलं नाव साखरेचं असतं, मग मैदा, कोको. म्हणजे एवढे पैसे आपण बरेचसे साखरेचे मोजतो! घरात अंडं चालत नसेल तर नुसत्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. कृतीत अंडं वरून घालायला सांगितलेलं असू शकतं. तारीखही बघा. दुकानात फार दिवस पडून राहिलेल्या खोक्यातली बेकिंग पावडर मंदावते.

त्यापेक्षा भाजणीसारखा ब्राउनीचाही डबा भरून ठेवावा. १ वाटी मैदा, सव्वा वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी कोको, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. सगळं दोनदा चाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. करायच्या दिवशी अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी ताजं दही आणि लागेल तसं दूध घालून हलक्या हाताने कालवा. फार घोटू नका, चिवट होते.

वीज जाते म्हणून भट्टीचं अडत असेल तर जुना कुकर काढा. तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी. पाणी अजिबात नको. शिट्टी आणि रबरी रिंग आठवणीने काढून ठेवा, हे महत्त्वाचं. १० मिनिटं तापवून तूप लावलेलं भांडं आत ठेवा. मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं लागतात. सुरी घालून पाहा. ओलसर कण चिकटले की उतरवा. अगदी कोरडी निघाली तर ब्राउनी नव्हे, केक झाला समजा! पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापली की भुगा होतो.